कडू लवकीचा रस आणि आम्ही दोघी बहिणी

"तुमचं एचबीएवनसी नऊच्या वर गेलंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी. तुम्हाला मधुमेह आहे."

मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसते. वय सेहेचाळीस. दिवसभर कापसाच्या गाड्यांचे आकडे अचूक लिहिणारी मी, स्वतःचा आकडा घडी करून पर्समध्ये कोंबला.

गोळ्या सुरू झाल्या. शोभाताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, फोनवर सांगितलं. ती तळेगावला असते आणि तिचा मधुमेह माझ्याहून जुना.

"गोळ्या काऊन खाऊन राह्यली वं? मी तं कवाच्याच सोडल्या. रोज लवकीचा रस पेतो. काई नाई झालं मले."

लवकी म्हणजे दुधी. मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं. गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी ग्लासभर रस सुरू केला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रस कडूजहर लागला. औषध कडूच असायचं, असं म्हणत मी ग्लास रिकामा केला. अर्ध्या तासात पोटात पीळ पडला. उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या उलटीत रक्त दिसलं. यजमानांनी शेजाऱ्यांच्या गाडीतून थेट वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

"काकू, रस कडू होता का?" यजमानांनी रसाचं सांगताच तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी मान हलवली.

"काकडी-दुधीच्या जातीत कधीकधी कुकर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. त्याला उतारा नाही. सलाइन द्यायचं, रक्तदाब सांभाळायचा आणि वाट पाहायची."

एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून बारीक कॅमेरा घालून पोट पाहिलं. आत जागोजागी जखमा होत्या. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढले.

तिसऱ्या दिवशी ताई आली. माझ्या पायाशी बसून नुसती रडत होती. मला तिचा राग आला नाही, तिच्यासाठी भीती वाटली. तिने वर्षभरात रक्तच तपासलं नव्हतं.

"ताई, उद्या उपाशीपोटी इथंच रक्त दे."

"मले काई नाई झालं वं."

"मलेबी काई नाई झालतं. तू रक्त दे, मंगच मी जेवतो."

तिने दिलं. तिचा आकडा माझ्याहून मोठा निघाला. डोळे तपासले तर रेटिनोपॅथी, म्हणजे साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर झालेली इजा. दिसायला धूसर होतंय हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी सोडताना मी मॅडमना विचारलं, "गोळ्यांशिवाय खरंच काही उपयोगाचं नाही का?"

त्या हसल्या नाहीत. "आहे ना. वजन उतरवणं, चालणं, ताकदीचा व्यायाम, ताटात भात-साखर कमी आणि डाळी-भाज्या जास्त. याचे नीट अभ्यास झालेत. एका गटाने केलं, दुसऱ्याने नाही, आणि दोघांची तुलना केली. बहुतेक रस-चूर्णांची अशी तपासणी फार थोडी झालीय. नैसर्गिक आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका. आणि गोळी कमी करायची ती आकडा पाहून, आम्हाला विचारून."

त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. जेवण झालं की जिनिंगच्या आवारात फेऱ्या. घरी खुर्चीवरून उठबस, आधी पाच वेळा, मग वीस. ताटात अर्धी भाकर कमी, उसळ दुप्पट. संध्याकाळी सहाला ताईला व्हिडिओ कॉल. ती तिकडे अंगणात चालते, मी इकडे गच्चीवर. पोळ्याला पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी साखर चढलेली निघाली, तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागले.

आठ महिन्यांत माझं वजन सात किलो उतरलं. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरी चालू आहे. तिची मला आता लाज वाटत नाही. ताईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डोळ्यांना लेसर झालं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, असं तिला स्पष्ट सांगितलंय.

तुमच्या घरात कुणी गोळ्या सोडून बसलं असेल, तर भांडू नका. सोबत नेऊन रक्त तपासून आणा. आमच्या बाबतीत तेवढ्यानेच पुढचं सगळं घडलं.

परवा ताई एकटीच बसने आली. दारातच म्हणाली, "हिंगणघाटची पाटी मीच वाचली वं. कोनाले इचारा नाई लागलं."