दुर्बिणीला बांधलेलं कुलूप

मंडळी, तासाभरापूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर जे पाहिलं, त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही!

माझ्या लेकीला, मुक्ताला, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो आजच स्पर्धेला पाठवायचा होता. पण आठवडाभर प्रत्येक फोटोत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येत होते. दुर्बीण मोटरवर ताऱ्यांमागे फिरायची, पण मध्येच डुलायची. दोष तोलाचाच आहे, असं मी ठणकावून सांगितलं आणि दुपारभर खपून, वजनं सरकवून दुर्बिणीच्या दोन्ही बाजू काटेकोर तोलल्या. संध्याकाळचे फोटो आणखी वाईट!

शेवटी मुक्तानं गच्चीच्या दाराचं कुलूप काढलं आणि दुर्बिणीच्या पूर्वेकडच्या बाजूला बांधलं.

"अगं, सगळा तोल घालवलास की!" मी ओरडलो.

"बाबा, ही सभा नाही. हळू बोला, गच्ची हलतीय!"

पुढच्या फोटोत तारे सुईच्या टोकाएवढे.

तिनं समजावलं, दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या की गिअरच्या दातांमधल्या फटीत दुर्बीण मागेपुढे डुलते. एका बाजूला जरा भार असला की दात एकमेकांना टेकून राहतात. म्हणजे माझी दुपारभरची मेहनतच तिचा फोटो आणखी बिघडवत होती!

फोटो वेळेत गेला. आता खालून बायको विचारतेय, "अहो, गच्चीचं कुलूप कुठंय?" एवढा सभा गाजवणारा मी, पण आता गुपचूप दुर्बिणीचं कुलूप सोडवतोय.

खरं सांगा, नीट करण्याच्या हट्टापायी तुम्ही काय बिघडवलंत?