जड पडदा

माझी मावशी पडदे शिवते. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या पट्टीत शिशाचे तुकडे घालतात. स्वतःच्या घरी मात्र तिने एका पडद्यात शिशाऐवजी सोन्याची नाणी शिवली होती. "उद्या आभाळ कोसळलं तर सोनं हाताशी हवं," असं तिचं म्हणणं. काकांनी खऱ्या सोन्याऐवजी बँकेकडून सोन्याची प्रमाणपत्रं घेतलेली. "तुझं सोनं चोर नेईल. माझ्या कागदाला कोण हात लावतंय?" यावरून दोघांचं रोज वाजायचं.

एका दुपारी नदी गल्लीत शिरली. मावशीचे सगळे पडदे एकाच कापडाचे. नाणी कशात आहेत, हे चाचपायला वेळ कुणाला होता? तिने झाडून सगळे ओढून काढले आणि गच्चीवर नेले. काकांनी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टात कोंबली.

गच्चीवर अख्खी इमारत भिजून कुडकुडत होती. मावशीने मागचापुढचा विचार न करता पडदे वाटून टाकले.

शेजारच्या आजी कुरकुरल्या, "अगं, हा फारच जड आहे. दुसरा दे की."

मावशीने पट्टी चाचपली आणि तिचा चेहरा खुलला. "जड आहे म्हणून तर वाऱ्याने उडत नाही, आजी. घट्ट धरून बसा."

काकांना पडदा उरलाच नाही. पिशवी कोरडी, काका ओलेचिंब.

"अहो, कागद पांघरा की!" मावशी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग आजींपाशी जाऊन म्हणाले, "आजी, जरा सरकता का?"