हिरव्या नखाचे मामा

थांबा, हातातलं काम ठेवा, मले हे आत्ताच सांगायचंय! शिरपूर जैनच्या पलीकडं आमचं रोपवन आहे, तिथं राखणीले एक मामा होते. रोजंदारीचे वनमजूर. त्यांच्या अंगठ्याचं नख कायम हिरवं. रोप वाळलेलं दिसलं की नखानं साल खरवडायचे. आत हिरवं निघालं की म्हणायचे, "झोपलं हाये. झोपू द्या."

मी नवी वनरक्षक, वर्दी कडक. लोकांपुढं मामा मले म्याडम म्हणत, एकटी असली की पोरी. पायात काटा मोडला तर खो खो हसायचे, "परीक्षेत पास, रानात नापास!"

कोणाच्या बकऱ्या शिरल्या तर मालकाले शिवी नाही. बकरीलेच विचारत, "काहून वं, तुले घरी खाऊ घालत नाहीत का?" मालक लाजून बकऱ्या हाकलत नेई.

मग उन्हाळ्यात रोपं मोजायचं काम आलं. मोबाईलमध्ये दोनच बटणं, जिवंत आन मृत. सागाची रोपं काड्यांसारखी वाळलेली. मी भराभर मृत, मृत दाबत चालली.

मामा मागून आले. "पोरी, साल तं पाह्य."

"मामा, आजच संपवायचंय!"

"मेल्याचा दाखला देतानी डॉक्टरबी नाडी पाह्यते."

मी हसली. दाबतच राह्यली.

त्या यादीवरून रोपवन फेल ठरलं, राखण बंद झाली. मी साहेबाले म्हटलं, सर, माझी घाई झाली. ते म्हणाले, "यादी वर गेली आता." मामाले मीच सांगितलं. काम त्यांचंच गेलं होतं, आन त्यांनी एवढंच विचारलं, "मंग बकऱ्या कोण हाकलीन?"

ते पोराकडं निघून गेले, दूर वीटभट्टीवर. पावसाळ्यात साग बुडातून फुटला. सगळा नाही, पण लय फुटला! आन राखण नाही म्हणून पंधरा दिवसांत बकऱ्यांनी साफ केला.

तेव्हाच मामाचा फोन आला. "फुटला का वं साग?"

"हो मामा, फुटला."

"मले मालूम होतं," म्हणाले. आवाज इतका खूश की पुढचं माझ्या तोंडातून निघालंच नाही. म्हटलं, भेटल्यावर सांगू.

दिवाळीच्या आधी पोराचा फोन आला. मामा भट्टीवरच वारले.

तुमच्यासोबत झालं का हो असं? माफी मागायची राहून गेली, आन शेवटचं बोलणं अर्धं खोटं निघालं?