तिच्या चुकीचा हेवा

“ह्या लोकांचे हातच शेणातले. काचेचं काम ह्यांना काय जमणार!”

बाटली माझ्या हातून फुटली होती. सुपरवायझरचं बोट मात्र धुण्याच्या हौदाशी उभ्या असलेल्या आम्हा चौघींवरून फिरलं. चौघी एकाच वस्तीतल्या, गावकुसाबाहेरच्या. बाकी तिघींनी माना खाली घातल्या, जणू त्यांनीच फोडली.

पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता. आम्ही बाटल्या धुवायचो. धुतलेली बाटली शालिनी दिव्यासमोर धरून तपासायची. पुण्याहून यायची, खुर्चीवर बसायची. तिची इस्त्रीची साडी, तिचे कोरडे हात, सगळ्यावर मी जळायची. खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात शालिनीने तडा गेलेली बाटली पास केली. भरताना ती फुटली, औषध वाया गेलं. सुपरवायझर हसला. “शालिनीताई, काल जागरण झालं वाटतं? जरा जपून.”

झालं. पुण्याच्या बायकांना काही जमत नाही, असं कोणी म्हणालं नाही. चूक तिची एकटीची होती, आणि दुपारपर्यंत सगळे ती विसरलेही. त्या दिवशी साडीचा हेवा संपला. मला तिच्या चुकीचा हेवा वाटायला लागला.

सोमवारी नव्या बायका घेणार होते. माझी धाकटी बहीण चंद्रा चौथी पास. दाखला पदरात बांधून आकुर्डीहून माझ्याबरोबर चालत आली. सुपरवायझरने तो उघडलासुद्धा नाही.

“तुमच्यातली आणखी नको. एकीवरून कळलं.”

हाच माणूस दिव्यापाशी रोज शिकवायचा: एका बाटलीवरून पेटी नापास करू नका, एकेक उचला, फिरवा, उजेडात बघा. मी हौदाशी उभी राहून ऐकायची. काचेला एवढा मान!

“साहेब, बाटली म्या फोडली,” मी म्हणाले. “चंद्रानं न्हाई. माझं नाव घिऊन बोला. नाव ठावं हाय का?”

ठाऊक नव्हतं. वर्षभर त्याने ‘ए’वर भागवलं होतं.

कामावर आलेली शालिनी तिथेच फाटकाशी थांबली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वळवली. ह्या पुण्याच्या बायका सगळ्या सारख्याच, असं अगदी ओठांवर आलं. आजवर मीही तेच म्हणत आले होते. ते गिळलं. शालिनी गप्प बसली, एवढंच खरं. ते तिच्या एकटीच्या नावावर राहील.

चंद्राला घेतलं नाही. मला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी हौदाशी उभी राहिले, तर तो म्हणाला, “आलात का तुम्ही लोक?”

मी हात पाण्याबाहेर काढले.

“लोक न्हाईत. मी आलीय.” आणि नाव सांगितलं. त्याने ते तोंडाने घेईपर्यंत बाटलीला हात लावला नाही.

मनाशी ठरवलं, पुढच्या भरतीला चंद्राला पुन्हा फाटकाशी उभी करणार. दर भरतीला करणार. तिच्या हातून बाटली फुटेलही. पण ती चंद्राने फोडलेली असेल, दुसऱ्या कोणी नाही.