देवळाचं न्हाण

आमच्या घरात हात आधी चालायचा, तोंड नंतर. आम्ही गावच्या महादेवाचे गुरव. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पहिल्यांदा मारलं ते देवळाच्या उंबरठ्यावर पाय दिला म्हणून. शेवटचं मारलं ते पूजा सोडून लातूरला आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स धरला म्हणून. दोन्ही वेळेला ओला टॉवेल पिळून. घंटेच्या दोरीने कधी मारत नसत, कारण दोरी देवाची. पुढं मी जे केलं ते कुठून आलं असं कुणी विचारू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव देवणीच्या पुढं, सीमेच्या अंगाला. देऊळ आठ-नऊशे वर्षांचं, चुना न वापरता नुसत्या काळ्या दगडांचं रचलेलं. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू. कुसू खाचेत बसतो आणि वरचं ओझं दोघांना जखडून ठेवतं. तळ चांदणीच्या आकाराचा, त्यामुळे बाहेरून इतके कोपरे की भर उन्हाळ्यातही कुठंतरी सावली सापडतेच. आणि त्या भिंतीवर मारामारीशिवाय फारसं काही नाही. नरसिंह मांडीवर आडव्या घेतलेल्याची आतडी काढतोय. देवी रेड्याच्या मानेवर पाय देऊन त्रिशूळ खुपसतेय. महादेव हत्ती सोलून त्याचं कातडं डोक्यावर धरून नाचतोय. खालच्या पट्टीत घोडे, भाले आणि तुटलेली मुंडकी. लहानपणी मी नरसिंहाजवळ बसून आतड्यांचे वेढे मोजायचो.

मधल्या पट्टीतल्या सुरसुंदरींची, म्हणजे दगडी अप्सरांची, नाकं फुटलेली आहेत. गावात कुणालाही विचारा, परक्या फौजेनं फोडली म्हणून सांगेल. फौज कुठली ते मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. हातात आरसा घेतलेल्या सुंदरीचं नाक कुणी फोडलं ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या आजोबांनी. यात्रेच्या लायटिंगची वायर बांधायला खिळा ठोकत होते, हातोडी निसटली. आमच्या देवळाला शत्रूपेक्षा भक्तांनीच जास्त मार दिलाय, असं मी भर पारावर बोलतो आणि शिव्या खातो.

शिखरात पिंपळ शिरला होता. मुळ्यांनी कुसू मोडले, काळ्या मातीत एका अंगाचा पाया खचला आणि सभामंडप पूर्वेला कलला. म्हणून देऊळ उतरवायचं, पाया नव्याने भरायचा आणि तेच दगड परत रचायचे असं ठरलं. काम घेतलेल्या ठेकेदाराकडे मी नोकरीला होतो. नकाशे माझे आणि दगडांवर नंबर टाकायचं कामही माझंच. ऑइल पेंट वापरायचा विचार होता, तर अप्पा आडवे आले. "देवाच्या अंगाला पेंट न्हाई लावायचा." मग चुना घेतला, त्यात डिंक कालवला. चार महिने एकेक दगड उतरवताना त्याचा थर, बाजू आणि क्रमांक त्याच्यावर लिहिला, तेच नकाशावरही लिहिलं. शेजारच्या पडीक रानात दगड ओळीने मांडून वर ताडपत्र्या टाकल्या. पावसाने ते नंबर गेले नसते.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे देवळाला न्हाण असतं. गावच्या बायका बारवेतून घागरी भरून आणतात आणि हात पोचेल तिथवर भिंती काथ्याने घासून धुतात. त्या वर्षी देऊळच उभं नाही तर न्हाण कसलं, असं मी धरून चाललो. मी खडी बघायला उदगीरला गेलो.

दुपारी परत आलो तर रानात जत्रा भरलेली. ताडपत्र्या काढून बांधावर टाकलेल्या. बायका ओळीने दगडांवर वाकलेल्या. हात पोचेल तिथवर, हाच नियम. आणि यंदा देऊळ भुईवर निजलेलं, म्हणून हात सगळीकडे पोचत होता. एक म्हातारी हरखून मला म्हणाली, "आज कळसाच्या बुडाला हात लागला रं बाबा माजा. जल्माचं सोनं झालं." तिच्या दगडावर नंबर नव्हता. कुठल्याच दगडावर नव्हता. पांढरं पाणी सरीतून ओढ्याकडे चाललं होतं.

अप्पा मधोमध धोतर खोचून दाराच्या चौकटीचा दगड घासत होते.

"अप्पा, नंबर कुठायत?"

"कसले नंबर?"

"चुन्याचे. मी टाकलेले."

"धुतले की. देवाला न्हाऊ घालायचं आन अंगावर बैलासारखे बिल्ले ठिवायचे व्हय? कागदावर हायेत की तुज्याकडं समदे."

कागदावर होते. अमुक नंबरचा दगड नैऋत्येला सातव्या थरात, असं कागद बरोबर सांगत होता. फक्त रानातल्या शेकडो दगडांपैकी तो अमुक नंबरचा कोणता, हे सांगणारं आता काही उरलं नव्हतं. देऊळ परत उभं राहणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी मारलं. गावात थप्पड म्हणतात, पण ती मूठ होती. अप्पा आडवे कोसळले आणि डावा कान चौकटीच्या कडेवर आपटला. रक्त द्वारपालाच्या पायाजवळच्या नक्षीत उतरलं. मला वाईट वाटलं नाही, हे लिहायलाच हवं. मला अजून एक ठेवून द्यायची होती आणि मी हात उचललाही होता.

तेवढ्यात पारावरची माणसं धावली. पहिला दणका फावड्याच्या दांड्याचा, पाठीत. मग चपला, पट्टे, लाथा. ज्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रा पाहिली ती माणसं माझ्या तोंडावर टाच देत होती. बरगडी वाळक्या काटकीसारखी मोडली, ते मी ऐकलं. अप्पा कान धरून उठून बसले होते. ते ओरडले, "मारा त्याला! पन दगडावर पाडू नका, कुसू मोडतील!" लोकांनी ऐकलं. मला चौघांनी उचलून बांधावर नेलं आणि राहिलेलं तिथं मारलं.

आम्हा दोघांना एकाच जीपमध्ये घालून लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? पाय घसरला असं अप्पा सांगतील असं मला वाटत होतं. "पोरानं मारलं," ते म्हणाले, आणि भेटायला येईल त्याला हेच सांगत राहिले. पोलिसांत मात्र गेले नाहीत. डाव्या कानाने त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

नक्षीचे दगड फोटोंवरून ओळखू आले. पण देवळाचं खरं अंग साध्या दगडांचं असतं, आणि त्यांचे फोटो कोण काढतो? ठेकेदार म्हणाला, नाही जुळले तर सिमेंटात बसवून टाकू. मी छातीला पट्टा बांधून रानात हिंडत होतो आणि रोज कुणाशीतरी भांडत होतो.

तीन आठवड्यांनी अप्पा आले, कानाला पट्टी बांधून. माझ्याकडे पाहिलं नाही. हदगावकडचा एक पाथरवट आमचा मुकादम होता, त्याला म्हणाले, "ह्यो दिव्याच्या कोनाड्याखालचा. तेल मुरलंय, धुवून जात न्हाई." पुढच्या दगडावर तळवा फिरवला. "ह्यो दाराच्या उजव्या अंगाचा. मानसं टेकून टेकून गुळगुळीत झालाय." पन्नास वर्षं दर सोमवारी ते आतल्या भिंतींना तेलाचा हात फिरवत आले होते. त्यांचा हात जिथवर पोचायचा तिथवरचं देऊळ त्यांनी दोन महिन्यांत लावून दिलं. त्याच्या वरचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. वरच्या थरांसाठी मी आणि मुकादम वर्षभर एकेका खाचेला कुसू लावून बघत बसलो. शिखराचे काही दगड अजून रानातच पडून आहेत. त्या सगळ्या दिवसांत अप्पा माझ्याशी मुकादमाच्या तोंडून बोलले. "त्याला म्हनावं, ह्यो उलटा धरलाय," असं, मी समोर उभा असताना.

शिखर तेवढं अपुरं, पण सिमेंट न लावता देऊळ उभं राहिलं. यंदा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बायका घागरी घेऊन दारापाशी आल्या, तेव्हा अप्पांनी त्यांना थांबवलं आणि मला हाक मारली. काथ्या माझ्या हातात दिला आणि चौकटीच्या बुडाकडे बोट केलं. काळ्या दगडावर रक्त लाल दिसत नाही. द्वारपालाच्या पायाजवळ, नक्षीच्या खाचांत, तेल सांडल्यागत काळं दिसतं.

मी उंबरठ्याबाहेर बसून घासू लागलो. बोटं सोलवटली.

"निघत नाही," मी म्हणालो.

अप्पांनी उजवा कान पुढं केला. मला साऱ्या गावासमोर मोठ्याने म्हणावं लागलं, "अप्पा, निघत नाही!"

"निघनार न्हाईच," ते म्हणाले. "तू घासत ऱ्हा."

मी घासत राहिलो. बायका भरल्या घागरी कडेवर घेऊन मागं उभ्या होत्या, आणि माझं होईपर्यंत त्यांतली एकही पुढं आली नाही.