बाबांचा सात दिवसांचा रस

प्रबंधासाठी मी तीन वर्षं पांढऱ्या उंदरांना भुईआवळ्याचा अर्क पाजला. आधी सात दिवस अर्क, मग यकृत नासवणारं रसायन, शेवटी उंदीर कापून यकृत तपासायचं. अर्क प्यालेल्यांचं यकृत कमी बिघडलेलं निघायचं. त्या पाल्यातली अँटिऑक्सिडंट्स विषाचा मारा थोडाफार झेलतात, एवढंच माझं संशोधन. त्यावर भंडाऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. आता तेच दरवर्षी शिकवताना जीव नको होतो.

आसगावला घरी गेले तेव्हा जेवता जेवता बाबांना म्हटलं, "विषाआधी सात दिवस भुईआवळा घेतला, तर लिव्हर वाचते." रस पिऊनही यकृत बिघडतंच, आणि शेवटी सगळेच उंदीर मारावे लागतात, हे ताटावर कुठं सांगायचं म्हणून गाळलं. मोठी शहाणी मी!

तेव्हापासून धानावर तुडतुड्यांची कीड पडायच्या दिवसांत फवारणी ठरली, की बाबा सात दिवस आधीपासून शेताच्या धुऱ्यावरचा भुईआवळा वाटून पेलाभर रस घ्यायचे. मग तोंडाला फडकं नाही, हातमोजे नाहीत. बादलीतलं औषध हातानंच ढवळायचे. हे मला कळलं ते त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाल्यावर. डॉक्टरांनी फवारणीचं विष लिव्हरमध्ये भिनल्याचं सांगितलं.

बाबा खाटेवरून मलाच समजावत होते, "मधात दोन दिवस रस चुकला माह्या हातून. तुहं काही चुकलं नाही."

मला त्यांचा राग आला, आणि रडूही.

दीड महिना कॉलेज, दवाखाना, एसटी. पाय भरून यायचे, डोकं चालायचं नाही. रिपोर्ट सुधारले, बाबा घरी आले, तेव्हा कुठं मी गाळलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"मंग मी आता लोकायले काय सांगू? अर्धं गाव रस पिऊन फवारून राहिलं. माह्या पोरीनं शोधलं, असं सांगतलं मी सगळ्यायले."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी घरोघर गेले. रस ढाल नाही, तोंड बांधा, मोजे घाला, औषधाला हात लावू नका. तिसऱ्या घरापर्यंत घसा बसला. तिथला शेतकरी बाबांच्याच वयाचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, चहा दिला. मला वाटलं, चला, एकाला तरी पटलं.

"पण बाई," तो म्हणाला, "तुमचे बाबा तर बरे झाले ना?"

"दवाखान्यामुळं झाले, काका."

"दवाखान्यात तर लय जण जातात. सगळे कुठं वापस येतात? ते रस पीत होते म्हणून आले." आणि त्यानं पंप पाठीवर घेतला.