तात्यांचा बिनवायरीचा कीबोर्ड

कुडाळला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि किस्सेच जास्त जमायचे. माझा पार्टनर बाबल कट्टर लिनक्सवाला, विंडोजला हात न लावणारा, त्यामुळे साधा माउस बसवायचा तरी किस्सा होणारच! पण देवबागच्या तात्यांसाठी वायरलेस कीबोर्ड शोधला, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तात्या निवृत्त मास्तर. वाडीत नवी होडी येवो की मोटरसायकल, देवाला गाऱ्हाणं तात्याच घालणार आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. पॅरॅलिसिसमध्ये त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताने पाटीवर लिहिलेलं कुणालाच वाचता येईना. त्यांची बायको, आमच्या काकी, दुकानात येऊन म्हणाल्या, “खाटीवरसून लिवूक येतला असा कायतरी दी रे. आठ म्हयने झाले, माणूस माझ्याशी बोललो नाय.”

* * *

बाबलने आधी ब्लूटूथवाला सेट काढला. जोडला, चालला, आम्ही खूश! मशीन रीस्टार्ट केलं तर ते पासवर्ड मागतंय आणि कीबोर्ड मुका. लॉगिन झाल्याशिवाय ब्लूटूथ सुरूच होईना. शेवटी वायरवाला कीबोर्ड लावून लॉगिन केलं.

मी म्हटलं, “बाबल, वायर काढूक वायर लागता?”

“गप रव रे!” सेट परत खोक्यात गेला.

* * *

मग यूएसबी रिसीव्हरवाले दोन सेट मागवले. सोबतच्या सीडीत ड्रायव्हर फक्त विंडोजचा. बाबलने सीडी बाजूला टाकली, रिसीव्हर टोचला आणि कीबोर्ड चालू! मी बघतच राहिलो. ती सीडी पुढे त्याच्या परसात वालीच्या मांडवावर लटकत होती. पाखरं येत नाहीत म्हणे.

* * *

दुसऱ्या दिवशी सेट बघायला आलेल्या काकी दुकानात बाहेरच्या स्क्रीनसमोर बसल्या होत्या. आत बाबल दुसऱ्या सेटवर शाळेचं पत्र टाइप करत होता. दोन्ही सेट एकाच चॅनलवर! काकींसमोर आपोआप अक्षरं उमटायला लागली, ‘मा. मुख्याध्यापक यांस...’

“अरे देवा! कोण लिवता ह्या?” काकींनी हातच जोडले.

बाबलने धावत येऊन बटणं दाबली, चॅनल वेगळे केले. पण काकींनी समोरचा सेट छातीशी धरला. “माका ह्योच होयो!”

* * *

बाबलने कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि आम्ही देवबागला पोचलो. कॉम्प्युटरचं टेबल खिडकीशी, तात्यांची खाट पलीकडच्या भिंतीला, त्यामुळे रेंज पोचेना. रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने आणून तात्यांच्या उशाशी खिळ्याला टांगला. तोवर अर्धी वाडी दारात.

“करा सुरू,” बाबल म्हणाला.

काकींनी नारळ पुढे ठेवला. “गाऱ्हाणा घातल्याशिवाय कसा सुरू करूचा?”

घालणार कोण? तात्यांसमोर तोंड उघडायची कुणाची हिंमत नव्हती.

तात्यांनी डाव्या हाताने कीबोर्ड मांडीवर ओढला. एक बोट. एकेक अक्षर.

‘बा देवा म्हाराजा’

काकींच्या डोळ्यांतून पाणी. त्या तशाच ओरडल्या, “व्हय म्हाराजा!”

बोट पुन्हा हललं. चांगली पाच मिनिटं आम्ही स्क्रीनकडे बघत होतो.

‘आज ह्यो जो बिनवायरीचो बोर्ड घरात इलो हा, तेचे सेल लवकर संपवू नको रे म्हाराजा’

“व्हय म्हाराजा!” अख्खी वाडी. आणि सगळ्यात मोठा आवाज बाबलचा!